वाटतं सरळ, असतं तिरकं!

बालमित्रांनो, समजा, कल्याण स्टेशनात तुमची लोकल उभी आहे. तुम्ही खिडकीशी बसला आहात. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी आहे. एवढ्यात तिच्या खिडक्या हळूहळू मागे सरकू लागतात. "चला, सुटली एकदाची!" असं म्हणून तुम्ही सावरून बसता. शहाड काय, पुढचंच स्टेशन! सहज दुसरीकडे मान वळवता तर काय? फलाटावरचा खांब जागच्या जागी! आपली गाडी तसूभरही हललेली नाही. सुटली ती शेजारची.

तुम्ही फसलात, पण खांबानं खरी साक्ष दिली आणि चूक लगेच कळली.

आता जरा विचार करा. तो खांबच नसता तर? अंधारी रात्र, खाली काळाभोर समुद्र, वर काळं आकाश, बाहेर बघायला काहीच नाही, आणि आपण गाडीत नाही तर विमानात बसलोय. विमान सरळ चाललंय की एका अंगावर कललंय, हे कशावरून ठरवायचं?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईच्या समुद्रावर नेमका हाच प्रश्न उभा राहिला. उत्तर चुकलं आणि २१३ माणसं प्राणाला मुकली. ती हकिगत आपण पाहणारच आहोत. पण ती नीट समजायची, तर आधी आपल्याच कानात डोकवायला हवं. हो, कानातच!

तोल सांभाळणारे तिघे

आपण उभे आहोत की आडवे, फिरतोय की स्थिर, हे मेंदूला सांगणारे तीन साक्षीदार शरीरात असतात. पहिला साक्षीदार म्हणजे डोळे. दुसरा म्हणजे कानाचा अगदी आतला भाग. आणि तिसरा म्हणजे आपली कातडी, स्नायू आणि सांधे. बसल्या जागी बुडाखाली दाब जाणवतो ना, तो हा तिसरा साक्षीदार सांगतो.

यातला कान मोठा गमतीदार आहे. कानाचं काम ऐकणं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण आतल्या कानात तीन इवल्या इवल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. एक एका दिशेला, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात जेलीसारखा मऊ पडदा असतो. तुम्ही डोकं फिरवलं की नलिका लगेच फिरते, पण आतला द्रव मागे रेंगाळतो. त्यामुळे पडदा वाकतो. पडदा वाकला की मेंदूला निरोप जातो, "फिरतोय बरं का!"

आता फुगडी आठवा. गरगर फिरून थांबलं की घर, अंगण, झाड, सगळं भोवती फिरायला लागतं. का? तर तुम्ही थांबलात, पण नलिकेतला द्रव अजून थांबलेला नाही! बादलीतलं पाणी हातानं गोल ढवळलं आणि हात काढून घेतला, तरी पाणी थोडा वेळ फिरतच राहतं ना? तसंच हे. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत चक्रीत बसून उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खुर्चीनं केलेली फजिती

शहाडला आमच्या चौथीच्या वर्गात एकदा हा प्रयोग केला. गोल फिरणारी एक खुर्ची मिळवली. एका मुलीला बसवलं आणि डोळ्यांवर रुमाल बांधला. तिला सांगितलं, "उजवीकडे फिरतेयस असं वाटलं तर अंगठा उजवीकडे दाखव, डावीकडे वाटलं तर डावीकडे. थांबलीस असं वाटलं तर अंगठा वर."

खुर्ची एकसारख्या वेगानं उजवीकडे फिरवत ठेवली. अंगठा उजवीकडे गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं काय झालं? अंगठा हळूहळू वर आला. "बाई, मी थांबले!" खुर्ची तर फिरतच होती! वर्गात खसखस पिकली. मग खुर्ची हळूच थांबवली. लगेच तिचा अंगठा डावीकडे! "आता उलटं फिरवताय ना?" रुमाल सोडला, तेव्हा तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या कानानं तिला तसंच सांगितलं होतं. एकसारखं फिरत राहिलं की दहावीस सेकंदांत नलिकेतला द्रव नलिकेच्याच वेगानं फिरू लागतो. मग पडदा सरळ उभा राहतो आणि मेंदूला वाटतं, थांबलो! प्रत्यक्षात थांबलं की द्रव पुढे धावतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला वाटतं, उलटं फिरतोय!

गंमत म्हणजे हीच फजिती १९२६ साली अमेरिकेतल्या विल्यम ऑकर नावाच्या वैमानिकाची झाली होती. ऑकर साधासुधा नव्हता. लष्करातला जुना, मुरलेला वैमानिक. डेव्हिड मायर्स नावाच्या लष्करी डॉक्टरांनी त्याला अशाच फिरत्या खुर्चीत बसवलं. तिचं नाव बारानी खुर्ची. कानाच्या या कामावर संशोधन करून १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळवणारे रॉबर्ट बारानी यांच्या नावावरून ते पडलं. डोळे मिटलेला ऑकर खुर्ची कुठे फिरतेय ते चुकीचं सांगत राहिला.

दुसरा कुणी असता तर रागावून निघून गेला असता. ऑकर विचार करत घरी गेला आणि एक पेटी घेऊन परत आला. पेटीत होकायंत्र होतं, विमानाचं वळण दाखवणारं एक यंत्र होतं आणि उजेडासाठी दिवा. पुन्हा खुर्चीत बसला, पेटीत डोळे घातले, आणि सगळी उत्तरं बरोबर! "अंगाला काय वाटतं" हे विचारायचं सोडून त्यानं "यंत्र काय दाखवतं" हे पाहिलं होतं.

बादलीतलं पाणी का सांडत नाही?

तुम्ही म्हणाल, कान फसला तर फसला. पण विमान एका बाजूला कललं, तर आपण खुर्चीतून त्या बाजूला घसरू की नाही? घसरलो की कळेलच!

इथेच तर खरी गोम आहे. पाण्यानं अर्धी भरलेली लहान बादली हातात धरून जोरात डोक्यावरून गोल फिरवा. बादली वर जाऊन उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. पाण्याला जणू वाटतं, बादलीचा तळ म्हणजेच "खाली". वळणाऱ्या विमानात आपलं तसंच होतं. विमान योग्य रीतीनं कलून वळत असेल, तर आपण खुर्चीत सरळ खालीच दाबले जातो. कपातला चहासुद्धा सांडत नाही. म्हणजे तिसरा साक्षीदारही फितूर!

आणि विमान अगदी सावकाश कललं तर कानाला पत्ताच लागत नाही. सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा कमी वेगानं फिरलं, तर कानाला ते जाणवत नाही. हे किती कमी? घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला ६ अंश फिरतो. त्याच्या एक तृतीयांश वेग. पण एवढ्या सावकाश गतीनंही दहा सेकंदांत विमान २० अंश कलू शकतं, आणि आत बसलेल्याला वाटतं, सगळं सरळ आहे!

आता वैमानिकाची फसगत कशी होते पाहा. ढगात शिरलेलं विमान नकळत डावीकडे कललं. वैमानिकाला वाटतंय, मी सरळ. मग त्याचं लक्ष यंत्राकडे जातं आणि तो विमान झटकन खरोखरचं सरळ करतो. ही झटकन झालेली हालचाल मात्र कानाला कळते! आता त्याला वाटतं, मी उजवीकडे कललो. अंग म्हणतं, "डावीकडे घे, डावीकडे घे!" आणि त्यानं अंगाचं ऐकलं, तर विमान पुन्हा डावीकडे कलतं. कललेलं विमान वळत वळत उंची गमावू लागतं. उंची कमी होतेय म्हणून तो विमानाचं नाक वर ओढतो. पण कललेल्या विमानात नाक ओढलं की वळण आणखी आवळतं. पाण्याचा भोवरा जसा खाली खाली ओढत नेतो, तसं विमान गोल गोल खाली जातं.

हे किती लवकर होतं? १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रं पाहून उडवण्याचं शिक्षण न मिळालेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसू न देता विमान उडवायला दिलं. शेजारी शिक्षक होता, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी!

विमानातला भोवरा

मग ढगात, रात्री, धुक्यात विमानं उडतात तरी कशी? उत्तर तुमच्या खिशात आहे. भोवरा!

दोरी गुंडाळून भोवरा फेका आणि फिरता फिरता तो तळहातावर घ्या. आता तळहात जरा कलता करा. भोवरा मात्र सरळच उभा राहायला बघतो. जोरात फिरणारी वस्तू आपली दिशा सहसा सोडत नाही. याच गुणावर जायरोस्कोप नावाचं यंत्र बनलं. विमान कितीही कललं तरी आतली फिरती चकती आपली दिशा धरून ठेवते. तिच्या जोरावर एका तबकडीवर छोटंसं क्षितिज दिसतं. वर आकाश, खाली जमीन, मधे रेघ, आणि समोर विमानाची लहान खूण. खूण रेघेला समांतर असेल तर विमान सरळ. याला म्हणतात कृत्रिम क्षितिज. आजच्या विमानांत फिरत्या चकतीऐवजी लेसर किरणांवर चालणारी यंत्रं असतात आणि क्षितिज पडद्यावर दिसतं, पण काम तेच.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल या वैमानिकानं एक धाडस केलं. आपली बसायची जागा त्यानं वरून कापडानं पूर्ण झाकून घेतली. बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त यंत्रांकडे बघत त्यानं विमान उडवलं, फेरी मारली आणि परत उतरवलं. पुढच्या जागेवर बेन केल्सी नावाचा दुसरा वैमानिक होता, पण तो केवळ अडचण आलीच तर मदतीसाठी. तेव्हापासून वैमानिकांच्या शिक्षणात एक मंत्र पक्का झाला : अंगाचं ऐकू नका, यंत्राचं ऐका.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण आता ती १९७८ ची रात्र आली.

'एम्परर अशोक'ची शेवटची १०१ सेकंदं

एअर इंडियानं १९७१ साली आपलं पहिलं बोइंग ७४७ जातीचं प्रचंड विमान आणलं. लोक त्याला जंबो जेट म्हणत. या पहिल्या जंबोचं नाव होतं 'एम्परर अशोक', म्हणजे सम्राट अशोक. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री ते मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघालं. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी.

विमानाचे प्रमुख होते कॅप्टन मदनलाल कुकर. वय ५१. १९५६ पासून ते एअर इंडियात होते आणि सुमारे १८ हजार तास त्यांनी विमान उडवलं होतं. शेजारी सहवैमानिक इंदू वीरमाणी, पूर्वी हवाई दलात काम केलेले. मागे फ्लाइट इंजिनियर आल्फ्रेडो फारिया. तिघंही अनुभवी.

विमानानं पश्चिमेला, समुद्राच्या दिशेनं झेप घेतली. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे ते थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. इथवर सगळं ठीक होतं. पण कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं.

कॅप्टननी काय केलं असेल? उजवीकडे कललंय, म्हणून विमान डावीकडे घेतलं. यंत्र अजूनही तेच दाखवतंय, म्हणून आणखी डावीकडे. बाहेर बघून चूक कळावी, तर खाली मिट्ट काळोख. मुंबईचे दिवे मागे राहिलेले. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, काही कळायला मार्ग नाही. फलाटावरचा तो खांब तिथे नव्हताच!

दुसऱ्या वैमानिकासमोर वेगळं कृत्रिम क्षितिज होतं. शिवाय एक राखीवही होतं. कॅप्टनच्या यंत्रात काहीतरी घोटाळा आहे, हे शेवटच्या क्षणांत बोललं गेलं. मागे बसलेल्या फारियांनी, त्या यंत्रावर जाऊ नका, असं सांगितलंसुद्धा. पण तोवर फार उशीर झाला होता. विमान डावीकडे १०८ अंश कललं होतं. ९० अंशाला पंख उभे होतात. त्याच्याही पलीकडे! जमिनीवरून उडाल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत 'एम्परर अशोक' वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ पैकी कुणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय आला. पण समुद्राच्या तळातून अवशेष आणि विमानातली नोंदयंत्रं काढून तपासली, तेव्हा स्फोटाचा मागमूस नव्हता. कॅप्टनचं क्षितिज बिघडलं आणि ते बाकीच्या यंत्रांशी वेळेत ताडून पाहिलं गेलं नाही, असं चौकशीतून पुढे आलं.

एकाच साक्षीवर निकाल नको

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य नीट समजून घ्या. "यंत्राचं ऐका" हा मंत्र खोटा नव्हता. पण तो अर्धाच होता. अंग फसवतं, तसं एखादं यंत्रही फसवू शकतं. मग विश्वास ठेवायचा कुणावर? एकावर नाहीच! गावात भांडण झालं तर पंच एकाचंच ऐकून निकाल देतात का? चारजणांना विचारतात, कुणाचं कुणाशी जुळतं ते बघतात. वैमानिकालाही आज हेच शिकवतात. एका यंत्रावर नजर खिळवून ठेवायची नाही. माझं क्षितिज, सहकाऱ्याचं क्षितिज, राखीव क्षितिज, उंची, वेग, दिशा, सगळ्यांवरून नजर सतत फिरती ठेवायची. दोघांची साक्ष जुळत असेल आणि तिसऱ्याची वेगळी असेल, तर तिसऱ्याकडे संशयानं बघायचं. आजच्या मोठ्या विमानांत दोन बाजूंची क्षितिजं जुळेनाशी झाली तर यंत्र स्वतःच इशारा देतं. विमान जास्त कललं, तर तसं मोठ्यानं बोलून सांगणारी यंत्रणाही असते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मोठ्या पदावरच्या माणसाची चूक होतेय असं वाटलं, तर लहानानं ते लगेच आणि स्पष्ट सांगायचं, आणि मोठ्यानं ते ऐकायचं. १९८० च्या सुमारापासून जगभरच्या विमान कंपन्यांनी याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. पालकांनाही यात विचार करण्यासारखं आहे. "बाबा, रस्ता चुकला वाटतं" असं मागच्या सीटवरून मूल म्हणालं, तर "गप्प बस" म्हणण्याआधी एकदा पाटी वाचून बघायला काय हरकत आहे?

हा भ्रम जुन्या काळापुरता नाही बरं का. २६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एक हेलिकॉप्टर ढगात शिरलं. प्रसिद्ध बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट त्यात होते. वैमानिकानं 'वर चढतोय' असं नियंत्रकांना कळवलं. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. नऊच्या नऊ जण गेले. म्हणूनच वैमानिकांना हा भ्रम जमिनीवरच अनुभवायला देतात. आपल्या देशात बंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे. तिथल्या खास यंत्रात बसवून वैमानिकांना दाखवून देतात की बाबांनो, तुमचं अंग तुम्हाला असं फसवतं. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा सावध राहतो!

करून पाहा

(मोठं माणूस जवळ असू द्या. गच्चीवर, जिन्याजवळ किंवा रस्त्यावर हे प्रयोग करायचे नाहीत.)

१. एका पायावर उभे राहा आणि मनात आकडे मोजा. मग तेच डोळे मिटून करा. आकडा किती घसरला? पहिला साक्षीदार गेला की बाकीच्या दोघांची कशी तारांबळ उडते ते कळेल.

२. मैदानात सरळ रेघ आखा. मित्राच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला रेघेवरून तीसचाळीस पावलं चालायला सांगा. तो कुठे पोचतो ते बघा. त्याला मात्र विचारा, "सरळ चाललास ना?" तो छातीठोकपणे "हो" म्हणेल!

३. फिरत्या खुर्चीचा प्रयोग करा. खुर्ची सावकाश आणि एकसारखी फिरवा, जोरात नको. अंगठा वर येईपर्यंतचे सेकंद मोजून वहीत लिहा. आई, बाबा, आजोबा, सगळ्यांचे सेकंद वेगवेगळे येतात का?

आणि जाता जाता एक प्रश्न. विमानात एका मुलाच्या कपातलं दूध जराही हललं नाही. तो आईला म्हणाला, "म्हणजे विमान अगदी सरळ चाललंय." त्याचं बरोबर की चूक? उत्तर आम्ही खाली उलटं छापलेलं नाही. ते बादलीत आहे. शोधा!